कागदाची मागची बाजू

भावाच्या मुलाच्या जात पडताळणीसाठी तीन वर्षांपूर्वी आमच्या घराची वंशावळ तयार झाली. दारव्ह्याला तहसीलसमोर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनवीसाने बाबांना विचारून विचारून ती लिहिली. पणजोबा, त्यांचे तीन मुलगे, त्या तिघांचे मुलगे. रेघ खाली, रेघ खाली. बाबांना तीन बहिणी. त्यांची नावं सांगायला बाबांनी सुरुवात केली, तेव्हा अर्जनवीस म्हणाला, "पोरी नाही लिहिल्या तरी चालते काका. कागद आटोपशीर राहते." बाबांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मधल्या सुट्टीत शाळेतून निघून आले होते आणि तास सुरू व्हायच्या आत परत पोचायचं होतं.

त्या वंशावळीची एक झेरॉक्स माझ्याकडे राहून गेली. तिची मागची बाजू कोरी होती, हे माझ्या लक्षात यायला मागच्या वर्षीची दिवाळी उजाडली.

दिवाळीच्या आधी नागपूरहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी आतेबहीण, धाकट्या आत्याची मुलगी, वय एकोणपन्नास. तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला होता. रडणं वगैरे तिचं आधीच होऊन गेलं असावं, कारण आवाज कोरडा होता. ती म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला कॅन्सर? मी सांगितलं, आईला छातीचा. ते म्हणे, आणखी? मी म्हटलं, नाही. मग ते मावशी, आजी, मामाच्या मुली असं एकेक विचारत बसले. मला काही सांगता येईना. मोठ्या मावशीला काय झालं होतं गं?"

तिची मोठी मावशी म्हणजे माझी थोरली आत्या. मी पटकन म्हणाले, "तिच्या पोटात पाणी झालं होतं." आणि बोलता बोलताच थांबले. पोटात पाणी होणं हा काही रोग नाही. पण आमच्या गावात अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं तेच थोरल्या आत्याच्या मरणाचं कारण होतं आणि त्यावर कोणी पुढे काही विचारलं नव्हतं.

थोरल्या आत्याला मूल नव्हतं. नवरा लवकर गेला, मग ती माहेरीच येऊन राहिली. मागच्या आवारात तिच्या कोंबड्या असायच्या, पंधरा-वीस, सगळ्या गावरान. दारव्ह्याच्या बाजारात अंडी विकून ती आम्हाला चिवडा-शेव आणायची. ती गेली तेव्हा मी सतराची असेन. तिचं पोट वाढायला लागलं, तेव्हा विहिरीवर बायका काय बोलायच्या ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. बावन्न वर्षांची विधवा आणि पोट दिसायला लागलेलं. वर ती जन्मभर वांझ म्हणून बोल ऐकत आलेली. ती तोंड शिवल्यासारखी झाली. जेवण कमी झालं. दोन घासांत पोट भरतं म्हणायची. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायची. गावात आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर चार महिने गॅसच्या गोळ्या देत राहिले. शेवटी यवतमाळला नेलं, सुई घालून पाणी काढलं. कितीतरी निघालं. ते पुन्हा भरलं. पुढचं सांगण्यासारखं नाही.

आता वाचून, विचारून मला एवढं कळतं की दोन घासांत पोट भरणं, पोट फुगणं, ओटीपोटात दुखणं आणि सारखी लघवीला लागणं ही चारही अंडाशयाच्या कॅन्सरची नेहमीची लक्षणं आहेत. पण ती गॅसचीही आहेत, आणि गॅस तर आमच्याकडे घरोघरी. सोमवार, गुरुवार, एकादशी. उपास म्हणजे साबुदाणा आणि शेंगदाणे, आणि एरवी वऱ्हाडी रश्शावरचा तर्रीचा थर. पोट फुगलं तर कॅन्सर कोणाच्या डोक्यात येणार? ताईच्या डॉक्टरांनी फरक सांगितला तो असा: जुनी, येणारी-जाणारी तक्रार वेगळी. जी पूर्वी कधी नव्हती, नवीनच सुरू झाली, जवळजवळ रोज होतेय आणि दोन-तीन आठवडे झाले तरी जात नाही, ती वेगळी. अशा वेळी, विशेषतः पन्नाशीच्या पुढे, गोळी नंतर, सोनोग्राफी आधी. हे चार महिने वाया गेले नसते तर आत्या वाचली असती का, याचं उत्तर मी देत नाही. अंडाशय पोटाच्या पोकळीत तसं उघडंच असतं. तिथल्या पेशी सुटल्या की वाळलेलं तिळाचं बोंड उलून दाणे सांडावेत तशा पोटभर पसरतात. निम्म्याहून कितीतरी जास्त बायकांच्या बाबतीत निदान होईतो त्या पसरलेल्याच असतात. २०२२च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ३३ हजार मृत्यू दिलेत. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणं हेच वाईट.

कोंबड्यांचं मात्र सांगायला हवं. ताईच्या आजारानंतर मी जे वाचत सुटले, त्यात मला महमूद फथाल्ला हे नाव सापडलं. इजिप्तचे स्त्रीरोगतज्ज्ञ. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा विचार मांडला. दर महिन्याला अंडं बाहेर पडताना अंडाशयाच्या पृष्ठभागाला चीर पडते, ती भरून येते, पुन्हा पडते. माणसाच्या मादीला ही चीर वर्षानुवर्षं विसावा न मिळता पडत राहते, आणि तिथेच कधीतरी पेशींची चूक होत असावी. प्राण्यांमध्ये हा कॅन्सर आपणहून आणि मोठ्या प्रमाणावर होतो तो अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांना. जवळजवळ रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला. हे वाचलं तेव्हा मला आवारातली आत्या आणि तिच्या पायाभोवती दाणे टिपणारी पाखरं दिसली. मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही वाचलं नाही.

हा विचार पुढे पुरता बरोबर ठरला असं नाही, पण हिशोब बराच जुळतो. गरोदरपणात अंडं सुटत नाही. अंगावर पाजताना बरेच महिने सुटत नाही. गर्भनिरोधक गोळीवर असतानाही सुटत नाही. या तिन्हींनी धोका कमी होतो. ४५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००८ साली जे निघालं, त्यात गोळी जितकी वर्षं घेतली तितका धोका उतरत गेला, पंधरा वर्षांत निम्मा झाला, आणि गोळी बंद केल्यावरही बरीच वर्षं फायदा टिकला. म्हणजे आशाताई घरोघरी देते ती माला-एनची पाकिटं नकळत हेही काम करतात. (म्हणून कोणी आपल्या मनाने सुरू करू नये. स्तनाच्या कॅन्सरचा धोका त्याच गोळीने थोडा वाढतो, आणि रक्तात गुठळी होण्याचंही पाहावं लागतं.) आजीच्या पिढीतल्या बाईला आठ बाळंतपणं आणि प्रत्येकाला दोन-दोन वर्षं पाजणं. तिला पाळी यायला सवडच कुठे होती? आमच्या पिढीला एक किंवा दोन मुलं, बाराव्या-तेराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत चारशेच्या वर पाळ्या. मी आठ बाळंतपणांची तरफदारी करत नाहीये. त्या बाळंतपणांनी किती जणी खाल्ल्या ते आम्हाला माहीत आहे.

पण मूल नसणं हा धोका वाढवणारा घटक आहे, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. ज्या बाईला गावाने ओटी भरायला बोलावलं नाही, तिच्याबद्दल विज्ञानही तेच बोलतंय की काय, असं वाटलं. नंतर राग निवला. विज्ञान तिला दोष देत नव्हतं, तिच्या अंडाशयाला विसावा मिळाला नाही एवढंच म्हणत होतं. तरी डॉक्टरांच्या खोलीत "मुलं किती?" हा प्रश्न कोणत्या सुरात विचारला जातो, याकडे माझं आता लक्ष असतं.

आईचं उलटं. तिसऱ्या मुलानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालं. आमच्याकडे नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की तेच. थंडीचे दिवस, खाली सतरंज्या, एका रांगेत पंचवीस बायका. आई अजून त्या दिवसाबद्दल कडवट बोलते. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा कोणाला नीट माहीतही नसेल, की अंडाशयाजवळून गर्भाशयात जाणाऱ्या नळ्या बांधल्याने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही बराच कमी होतो. पुढे, २००० सालानंतर, कारण हळूहळू उलगडलं. ज्याला आपण अंडाशयाचा कॅन्सर म्हणतो, त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा आणि वाईट प्रकार बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. तो सुरू होतो नळीच्या टोकाला, तिथे जी झालर असते तिच्यात. म्हणून हल्ली अनेक ठिकाणी दुसऱ्या कारणासाठी पोट उघडलंच तर नळ्या पूर्ण काढून टाकतात. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. त्या थंडीचं काहीतरी कामी आलं."

'पिशवी' या शब्दाने आमच्याकडे फार घोटाळा केलाय. गर्भाशय म्हणजे पिशवी, गर्भाशयाचं तोंड म्हणजे पिशवीचं तोंड, आणि अंडाशयाला तर शब्दच नाही. तेही पिशवीतच जमा. शाळेत पालकसभेला आलेली एक जण मला म्हणाली, "मॅडम, माही पिशवी काढली ना, मले काय भ्या?" पिशवी काढताना अंडाशयं पुष्कळदा तशीच ठेवतात, पाळी जाण्याचा त्रास लवकर होऊ नये म्हणून. ती आहेत की नाहीत हे तिलाच माहीत नसतं. डिस्चार्ज कार्डावर असतं, आणि कार्ड ट्रंकेत. दुसरी म्हणाली, तिची आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी झाली, चांगली निघाली. ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. मुलींना देतात ती लसही त्याचीच. अंडाशयाचं त्यात काहीच दिसत नाही.

मग दिसतं कशात? मीही तेच विचारलं. आमच्या तालुक्याच्या गावातसुद्धा आता लॅबवाले 'महिला आरोग्य पॅकेज' विकतात, त्यात सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी असते. मी दरवर्षी ती करून घ्यायची ठरवलं होतं. ताईच्या डॉक्टरांनी थांबवलं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हाच प्रयोग झाला, रक्त आणि सोनोग्राफी. २०२१ साली निकाल आला, आणि तपासण्या केल्याने मृत्यू काही कमी झाले नव्हते. शिवाय तो आकडा पाळीतही वाढतो, एन्डोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) वाढतो, आणि पोटाच्या टीबीतही वाढतो. पोटाचा टीबी तर हुबेहूब याच कॅन्सरचं सोंग घेतो: पाणी होतं, वजन उतरतं, आकडा चढतो. काहीही त्रास नसलेल्या बाईला वर्षाला एक चाचणी करून निर्धास्त होता येईल असं अजून काही हातात नाही. मला ते ऐकून फार एकटं वाटलं होतं.

बाकीची यादी लवकर संपवते. वय हा सगळ्यात मोठा घटक, पाळी गेल्यानंतर धोका चढत जातो. एन्डोमेट्रिओसिस असलेल्यांना काही प्रकारांचा धोका जास्त. लठ्ठपणाचा आणि पाळी गेल्यावर घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्यांचा थोडा वाटा. तिथे लावायच्या पावडरीबद्दल बायका मला कुजबुजत विचारतात. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने टाल्कला, म्हणजे त्या पावडरीतल्या खनिजाला, 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय, पुरावा मात्र अजून तोकडा आहे. न लावल्याने काही बिघडत नाही, एवढं मी सांगते.

हे सगळे घटक धोका थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवतात. एरवी जन्मभरात शंभर बायकांत एकीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जणींना हा आजार होतो. एक घटक मात्र सगळं पारडंच फिरवतो, आणि ताईच्या रक्तात तोच निघाला.

बीआरसीए-१. हा जीन सगळ्यांनाच असतो. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. तो बिघडलेला मिळाला तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका शंभरात चाळीसच्या वर जातो, स्तनाच्या कॅन्सरचा त्याहून जास्त. त्याचा भाऊ बीआरसीए-२, त्यात अंडाशयाचा धोका पंधरा-वीसच्या घरात. अमेरिकेच्या शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवलं की घराण्यात उतरणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमागचा एक जीन सतराव्या गुणसूत्रावर आहे. तोवर कितीतरी लोकांना हा विचारच वेड्यासारखा वाटत होता. हॉलिवूडची नटी अंजेलिना जोली हिचं सगळ्यांनी वाचलंय: आई छप्पनाव्या वर्षी गेली, तिने स्वतः २०१३ साली छातीचं ऑपरेशन केल्याचं सांगितलं आणि २०१५ साली अंडाशयं, नळ्या काढल्या. तेव्हा मी ती बातमी सिनेमाच्या पानावरची म्हणून वाचली होती.

घराण्यात उतरणाऱ्या आजारांबद्दल समुपदेशन करणाऱ्या बाईंनी ताईसमोर एक कागद घेतला. मी सोबत होते. त्यांनी वंशावळ काढायला घेतली, पण आमच्या अर्जनवीसासारखी नाही. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. गेलेल्यावर तिरकी रेघ. कॅन्सर झालेला असेल तर गोल काळा भरायचा. आमच्या घराच्या वंशावळीत पहिल्यांदा गोल आले. ताईचा काळा. धाकट्या आत्याचा काळा. तिला २००१ साली 'तुकडोजी'त नेलं होतं. (नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय. आमच्याकडे 'तुकडोजीत नेलं' म्हटलं की मोझरी कोणी समजत नाही, ऐकणारा गप्प होतो.) थोरल्या आत्याच्या गोलापाशी बाईंनी पेन थांबवलं आणि आत प्रश्नचिन्ह काढलं. मधली आत्या कोरी. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून तूर झोडपते.

मग त्या म्हणाल्या, "आणि तुमचे बाबा." एक चौकोन. मी म्हटलं, बाबांचा काय संबंध? तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं. हा बिघाड बापाकडूनही तितकाच येतो. आईबापांपैकी ज्याच्याकडे असेल, त्याच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला निम्मी शक्यता. बाबांकडे असण्याची निम्मी, म्हणून माझ्याकडे चारात एक. बाबांकडे नसेल तर माझ्याकडे त्या बाजूने येऊच शकत नाही, भावाकडेही नाही, माझ्या लेकीकडेही नाही. म्हणून आधी बाबांचं रक्त. आणि बिघाड नेमका कुठे आहे हे ताईच्या तपासणीत कळलेलं, त्यामुळे तेवढीच एक जागा बघायची.

वर्षानुवर्षं फॉर्म भरताना 'कुटुंबात कॅन्सर?' या रकान्यापुढे मी 'नाही' लिहीत आले होते. धाकटी आत्या लग्न होऊन आर्वीला गेली, तिचं आडनाव बदललं, सासरच्यांनी नावही बदललं. तिचा कॅन्सर आर्वीच्या घरात मोजला गेला. थोरलीचा कुठेच मोजला गेला नाही. आणि आमच्या कागदावर तर दोघी नव्हत्याच. चुलत भाऊ, मळणी वाटून घेणारे, यांच्या चार पिढ्या आम्हाला तोंडपाठ.

घरी येऊन मी त्या जुन्या झेरॉक्सच्या मागे गोल-चौकोन काढले आणि बाबांसमोर ठेवले. बाबा शहात्तर वर्षांचे. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"मले काय अंडाशय हाये का?" ते म्हणाले.

मी समजावलं. पुरुषांनाही त्याच बिघाडाने प्रोस्टेटचा, क्वचित छातीचा धोका वाढतो, हेही सांगितलं. निम्मं-निम्मं समजावताना अडखळले, तर तेच म्हणाले, "मंजे मिरगासारखं. मिरग कोरडा गेला म्हून साल बुडतेच असं नाही, अन् मिरग बरसला म्हून पिकतेच असंही नाही. पण पेरणाऱ्यानं तोंडाकडं पाह्यलं पाहिजे आभाळाच्या." मग थोडं थांबून, "निघालं तं तुहं काय?"

निघालं तर माझ्या रक्ताची तपासणी. त्यातही निघालं तर नळ्या आणि अंडाशयं काढणं. या बिघाडात ते पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान सुचवतात, मी शेचाळीसची आहे. त्याने धोका ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरतो. हे मी जेवढ्या थंडपणे लिहितेय तेवढ्या थंडपणे सांगता आलं नाही.

बाबा कागदाकडे बघत होते. सगळ्यात वर मी त्यांच्या आईवडिलांचा चौकोन आणि गोल काढला होता. गोलावर बोट ठेवून ते म्हणाले, "मायच्या पोटात गोळा होता."

आजी गेली तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. एवढंच आम्हाला माहीत होतं. गोळा म्हणजे काहीही असू शकतं, गाठ, टीबी, प्लीहा. बाईंनी सांगितलं होतं, ऐकीव असेल तर काळा भरू नका. मी प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, "आजीचं नाव काय लिहू? माहेरचं?"

बाबांनी सासरचं नाव सांगितलं, जे सातबाऱ्यावरही कधी आलं नाही. माहेरचं त्यांना आठवेना. मधल्या आत्याला फोन लावला. तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, आपल्या बाबांनी लग्नातच नाव बदललं होतं, त्याच्या आधीचं कोण सांगणार. माय दिग्रसच्या पलीकडच्या एका गावची, तिच्या भावाची सून अजून आहे, तिला कदाचित माहीत असेल.

बाबांचं रक्त मंगळवारी दिलं. सुई टोचायच्या आधी त्यांनी लॅबच्या पोराला विचारलं, "उपाशी याचं होतं काय?" अहवालाला तीन-चार आठवडे लागतात. रविवारी आम्ही दोघं दिग्रसच्या पलीकडे जाऊन येणार आहोत. सकाळची गाडी सातला आहे, आणि बाबांनी झेरॉक्स आतापासूनच घडी करून बंडीच्या खिशात ठेवलीय.